लपायला जागा नसलेली पंधरा मिनिटं

कार्यक्रमपत्रिकेवर तीन नावं आहेत. प्रोकोफिएव्हची पहिली, म्हणजे 'क्लासिकल' सिंफनी. मग स्ट्राव्हिन्स्कीचा 'पुलचिनेल्ला' सूट, म्हणजे बॅलेतल्या निवडक तुकड्यांची माळ. मध्यंतरानंतर चायकोव्हस्कीची पाचवी सिंफनी. पंधरा मिनिटं, तेवीस-चोवीस मिनिटं, वीस मिनिटांचा चहा आणि मग पाऊण तासाच्या थोडं वर. रशियन संगीताच्या संध्याकाळीसाठी ही मांडणी सोयीची आहे, आणि बहुतेक श्रोते पहिल्या दोन कृती चायकोव्हस्कीची वाट बघत ऐकतात. वाजवणाऱ्यांचं बरोबर उलटं असतं. त्यांच्या पोटात गोळा येतो तो पहिल्या पंधरा मिनिटांसाठी.

कारण साधं आहे, माणसं कमी. प्रोकोफिएव्हने मागितलेला ताफा हायडनच्या, म्हणजे अठराव्या शतकातल्या, काळातला: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून (खर्जातलं लाकडी फुंकवाद्य), हॉर्न, ट्रंपेट प्रत्येकी दोन, टिंपनी या नगाऱ्यांची जोडी आणि तंतुवाद्यं. पहिले व्हायोलिन आठ, दुसरे सहा, चार व्हिओला, चार चेलो, दोन डबल बास एवढ्यात भागतं. चायकोव्हस्कीला पहिले व्हायोलिनच चौदा लागतात. चौदा जणांत एकाचं बोट किंचित घसरलं तर सूर जरा जाड होतो, इतकंच. आठ जणांत तेच झालं तर पाचव्या रांगेतला माणूस मान वर करून बघतो. आणि या आठ जणांना प्रोकोफिएव्ह जे वाजवायला देतो ते हायडनने कुणालाही दिलं नव्हतं.

सिंफनीतला गव्होत हा नाचाचा भाग १९१६चा, बाकीची बरीचशी १९१७च्या उन्हाळ्यात, पेट्रोग्राडजवळच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गजवळच्या) खेड्यात लिहिलेली; दोन क्रांत्यांच्या मधला तो उन्हाळा. प्रोकोफिएव्ह तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि तोवर पियानोवर बसूनच रचना करायची त्याची सवय होती. या वेळी त्याने मुद्दाम पियानो टाळला. डोक्यातच रचलं तर वाद्यवृंदाचे रंग स्वच्छ उतरतील, असा त्याचा होरा. हायडनची कारागिरी त्याने कॉन्झर्व्हेटरीत चेरेपनिनच्या वर्गात नीट समजून घेतली होती, तिचा हा उपयोग. एप्रिल १९१८मध्ये पेट्रोग्राडला त्याने स्वतः ती सादर केली. श्रोत्यांत नव्या सरकारचा शिक्षणमंत्री लुनाचार्स्की होता, आणि थोड्याच दिवसांत त्याच्याकडूनच प्रोकोफिएव्हला परदेशी जायची परवानगी मिळाली.

सुरुवात एका झेपेने होते. डी मेजर, आपल्या हार्मोनियमच्या भाषेत पांढरी दोन, आणि सगळे शुद्ध स्वर. पूर्ण वाद्यवृंद दोन बार (म्हणजे दोन छोटी आवर्तनं) जोरात वर चढतो आणि तिथल्या तिथे आवाज एकदम खाली. हा उतार साधला नाही तर पुढचं सगळं बिघडतं, कारण जोराने वाजवताना गज लांब आणि तारेवर दाबलेला असतो. पुढच्याच स्वराला तो आखूड आणि हलका हवा. नवखे वादक आवाज कमी करतात पण गजाची लांबी तीच ठेवतात, आणि मग सूर फुसका लागतो. दहाएक बार जात नाहीत तोच प्रोकोफिएव्ह तीच झेप पांढरी एकमध्ये घेतो, काहीही न सांगता. गवयाने मुखडा उचलावा आणि तंबोरा भलत्याच पट्टीत मिळवलेला निघावा, तसं. चालींची उलथापालथ करणारा विकासाचा भाग संपवून मूळ विषय, म्हणजे मुख्य चाल, परत येतो तोही पांढरी एकमध्येच. ज्याला हायडन ठाऊक आहे त्याला इथे हसू येतं. ज्याला ठाऊक नाही त्याला नुसतं काहीतरी हललं एवढं कळतं, आणि तेही पुरेसं आहे.

आता ती कुप्रसिद्ध जागा. पहिल्या भागातला दुसरा विषय: पहिले व्हायोलिन अगदी हळू आवाजात खालच्या स्वरावरून थेट दोन सप्तकं वर उडी घेतात, खाली येतात, पुन्हा उडी. स्कोअरमध्ये, म्हणजे छापील स्वरलिपीत, सूचना आहे 'कॉन एलेगान्झा', नजाकतीने. जगभरच्या वाद्यवृंदांच्या निवडचाचणीत हे चार-सहा बार वाजवायला लावतात, आणि त्यांत उमेदवार कोणत्या पाण्याचा आहे हे कळतं. चूक सहसा डाव्या हाताची असते असं वाटतं. बोट वरच्या जागी पोचलं नाही, सूर उतरला. पण जास्त वेळा दोष उजव्या हाताचा असतो. डावा हात घाईने वर सरकतो, त्या धांदलीचा झटका गजालाही बसतो, आणि वरचा स्वर हळू लागायच्या ऐवजी ठोसा मारल्यासारखा लागतो. त्यावर सरावाची रीत ठरलेली आहे: खालचा स्वर वाजवून गज तारेवर थांबवायचा, त्या शांततेत डावा हात वर न्यायचा, बोट बसलं की मगच गज ओढायचा. आधी थांबा सेकंदभराचा, मग अर्ध्या सेकंदाचा, मग एवढा छोटा की ऐकणाऱ्याला तो कळू नये. थांबा पूर्ण काढून टाकायचा मात्र नाही. उडीतली नजाकत त्याच फटीत असते.

या उड्यांच्या खाली एक बसून तुटक स्वरांत टक-टक करत चाललेला असतो. तालमीत हमखास वाद होतो तो इथे. व्हायोलिनवाल्यांना वाटतं बसून पळतोय, बसूनवाल्याला वाटतं व्हायोलिन मागे ओढतायत. बहुधा बसूनवाल्याचं बरोबर असतं, कारण त्याला उडी मारायची नसते. शहाणा कंडक्टर अशा वेळी हात लहान करतो आणि व्हायोलिनना सांगतो, माझ्याकडे बघू नका, त्याचं ऐका.

दुसऱ्या भागात, संथ लार्गेतोत, पहिले व्हायोलिन तारसप्तकाच्याही पलीकडून अलगद उतरतात. तिथे गडबड होते ती कंपनांची, म्हणजे तारेवरचं बोट हलवून सुराला दिलेल्या थरथरीची. आठ जणांची आठ रुंदीची कंपनं एकत्र आली की त्या उंचीवर सुराऐवजी धुकं ऐकू येतं. कंपन अरुंद करा, एवढं एकच वाक्य बऱ्याचदा पुरतं. गव्होत दीड मिनिटाचा, त्यावर नंतर बोलतो. आणि शेवटचा भाग हा सगळ्या फ्लूटवादकांचा जुना हिशेब. लय इतकी द्रुत की फ्लूटच्या वरच्या स्वरांची बोटं जेमतेम पोचतात. प्रोकोफिएव्हने इथे स्वतःला अट घालून घेतली होती की या भागात एकही मायनर कॉर्ड (कोमल गंधाराचा, एकत्र वाजणारा स्वरसमूह) येणार नाही. कोमल गंधाराची सावलीसुद्धा नको. ऐकताना ही अट कळत नाही. एवढंच जाणवतं की खोलीतल्या सगळ्या खिडक्या कुणीतरी उघडून ठेवल्यात. कंडक्टरने इथे लय फुशारकी मारण्यासाठी वाढवली की व्हायोलिनचे स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. गज मध्यावर, हालचाल दोन बोटांएवढी, आणि लय अशी की दुसऱ्या फ्लूटलाही श्वास घेता येईल. अर्थात हे ऐकणारे कंडक्टर थोडे.

टाळ्या संपल्या की रंगमंचावर माणसं खुर्च्या उचलायला लागतात. श्रोते हा वेळ खोकून घेतात. खरं तर हे बघण्यासारखं असतं, कारण पुढची कृती काय आहे ते खुर्च्यांवरूनच कळतं. क्लॅरिनेटवाले दोघे उठून जातात. टिंपनीवर कापड पडतं. दोनांतला एक ट्रंपेट जातो आणि एक ट्रोम्बोन येतो. पुढे, कंडक्टरच्या अगदी जवळ, पाच खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या जातात: दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास. हे पाच एकल वादक. त्यांच्या मागे चार, चार, चार, तीन, तीन अशी अठरा तंतुवाद्यं. फुंकवाद्यं दहा. एकूण तेहेतीस माणसं, आणि त्यांत तालवाद्य एकही नाही.

'पुलचिनेल्ला' मूळचं बॅले. १५ मे १९२० रोजी पॅरिस ऑपेरात झालं. द्याघिलेव्हची बॅले मंडळी, मासीनची नृत्यरचना, पिकासोचे पडदे आणि पोशाख, वाद्यवृंदापुढे आन्सर्मे. त्यात तीन गायक होते. मैफिलीसाठी दोनेक वर्षांनी केलेल्या सूटमध्ये गाणं काढून टाकलं. द्याघिलेव्हने स्ट्राव्हिन्स्कीच्या हातात जुन्या इटालियन हस्तलिखितांच्या नकला ठेवल्या होत्या आणि त्या अठराव्या शतकातल्या पेर्गोलेसीच्या आहेत असं दोघांनाही वाटत होतं. पुढच्या संशोधनात निघालं की त्यांतलं बरंच पेर्गोलेसीचं नाहीच. सुरुवातीची सिंफोनिया दोमेनिको गाल्लोची, तारान्तेला वासेनार नावाच्या डच सरदाराच्या कॉन्चेर्तोतली. पेर्गोलेसी सव्विसाव्या वर्षी वारला आणि त्याचं नाव इतकं खपत होतं की प्रकाशक कुणाचंही काम त्याच्या नावावर लावत. आपल्याकडे पदांच्या शेवटी कुणीही 'तुका म्हणे' जोडावं, त्यातला प्रकार.

स्ट्राव्हिन्स्कीने वरची चाल आणि खालचा मंद्र जवळपास तसाच ठेवला. मधे जे भरायचं तिथे हात घातला. कुठे वाक्याचा एखादा बार कापला, कुठे कॉर्ड सुटायला हवा तिथे तो धरूनच ठेवला, कुठे एकच आकृती हट्टाने घोळवली. त्यामुळे वादकाला धोका असा की कान एका गोष्टीची अपेक्षा करतो आणि कागदावर दुसरंच असतं. अनुभवी माणूससुद्धा तीन वेळा बरोबर वाजवून चौथ्यांदा सवयीने चुकतो, म्हणजे अठराव्या शतकाच्या दृष्टीने बरोबर वाजवतो.

सूटमधला सगळ्यांना आवडतो तो 'व्हिव्हो' हा तुकडा. ट्रोम्बोन निर्लज्जपणे घसरत येतो आणि डबल बास, हत्तीने पायऱ्या उतराव्यात तसा, चाल म्हणतो. ट्रोम्बोनच्या नळीला सात जागा असतात, आणि नळी न तोडता एका दमात सरकायचं तर सहा अर्धस्वरांपलीकडे जाता येत नाही. ही मर्यादा वादकाच्या अंगात भिनलेली असावी लागते, नाहीतर मीड अर्ध्यावर फाटते. पण इथली खरी चूक तांत्रिक नाहीच. वादक विनोद करायला लागतात ही चूक. ट्रोम्बोनवाला डोळे मिचकावतो, बासवाला मुद्दाम भसाडा सूर लावतो, आणि हसू मरतं. दोघांनी तोंड सरळ ठेवून, सुरात, श्राद्धाला बसल्यासारखं वाजवलं तरच सभागृह हसतं.

गव्होत दोन्ही कृतींत आहे. या नाचाची गंमत म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनात तो तिसऱ्या मात्रेवर उचलतात. मुखडा घेऊन समेवर यावं तसं. प्रोकोफिएव्हचा गव्होत तिसऱ्या मात्रेवर जड पाय टाकतो आणि पुढच्या समेपर्यंत दोन-तीन पट्ट्या ओलांडून मोकळा होतो. स्ट्राव्हिन्स्कीचा फक्त फुंकवाद्यांना दिलेला, थंड, चिनीमातीच्या बाहुलीसारखा. ज्या वाद्यवृंदाला ती उचल समजत नाही तो तिसरी मात्रा म्हणजेच सम धरून चालतो, आणि सगळा नाच लंगडा होतो. आपल्याकडच्या, तबल्याबरोबर वाढलेल्या श्रोत्याला ही लंगड लगेच खटकते. पाश्चात्त्य संगीतातलं मला काही कळत नाही असं म्हणणाऱ्या माणसाने इथे स्वतःच्या कानावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मध्यंतरात श्रोते बाहेर असताना आत तापमान आणि दमट हवा आपलं काम करत असतात. मुंबईत नरिमन पॉइंटला, समुद्राच्या काठावर, २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम होतात. बरेच वादक कझाकस्तानातून आलेले, सोव्हिएत वळणाच्या शिक्षणातले. त्यामुळे रशियन कृतींत त्यांचा गज तारेवर कसा बसतो ते ऐकण्यासारखं असतं. पण बाहेर सप्टेंबरची हवा आणि आत एसी. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे. दमट हवेत ते लांबतात, गज सैल पडतो, स्क्रू पुन्हा आवळावा लागतो, आणि कार्यक्रमानंतर तो सोडायला विसरलं तर काठी वाकडी होते. फुंकवाद्यांतली हवा एका अंशाने तापली की सूर साधारण तीन सेंटने चढतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. पाच अंशांत पंधरा सेंट, कानाला बोचण्याएवढे. तंतुवाद्यांच्या तारा उष्णतेने उलट उतरतात. म्हणून मध्यंतरानंतर ओबो पुन्हा पांढरी सहा देतो आणि सगळे नव्याने मिळवतात. तो केवळ रिवाज नाही.

चायकोव्हस्कीसाठी रंगमंच भरतो. तीन फ्लूट, चार हॉर्न, दोन ट्रंपेट, तीन ट्रोम्बोन, ट्युबा. तंतुवाद्यं पन्नासच्या आसपास. सत्तर माणसं, आणि इथे कसोटी वेगळीच: आवाज भरपूर आहे, तो किती वेळ राखून ठेवता येतो? पाचवी सिंफनी १८८८ची. त्याच नोव्हेंबरात पीटर्सबर्गला त्याने स्वतः ती सादर केली, आणि काही आठवड्यांतच कृती फसली आहे, तिच्यात काहीतरी खोटं आहे, असं त्याला वाटायला लागलं. पुढच्या मार्चमध्ये हॅम्बर्गच्या वादकांनी ती मनापासून वाजवली तेव्हा त्याचं मत पालटलं. मुक्काम एक दिवस लांबवून तालमीला बसलेल्या जर्मन संगीतकार ब्राह्म्सला शेवटचा भाग आवडला नव्हता. शेवटच्या भागाबद्दल मी ब्राह्म्सच्या बाजूने आहे. पण तो मोठ्याने, बेभान वाजवला तर. जपून वाजवला तर नाही.

सुरुवात दोन क्लॅरिनेट एकाच सुरात करतात, वाद्याच्या सगळ्यात खालच्या, लाकडी आवाजाच्या टोकाला. क्लॅरिनेट हळू फुंकलं की सूर चढतो, जोरात फुंकलं की उतरतो. फ्लूटचं नेमकं उलट. म्हणजे दोघांनी सारखाच दाब ठेवला नाही तर त्या एका ओळीत दोन सूर ऐकू येतात. ही चाल पुढे चारही भागांत फिरून येते, म्हणून पहिल्यांदा तिच्यात दुःख ओतायचा मोह टाळावा. नुसती पायवाट दिसली की पुरे.

दुसऱ्या भागात आधी खालची तंतुवाद्यं आठ बार कॉर्ड धरतात, मग हॉर्न एकटा. बारा मात्रांचे बार, तीन-तीनांचे चार गट, दादऱ्यासारखे झुलणारे. पहिल्या भागात पंधरा मिनिटांच्या थोड्या आत-बाहेर जोरदार फुंकून ओठ थकलेले असतात. आणि आता सगळ्यात हळू, सगळ्यात उघडा सूर लावायचा. म्हणून चार हॉर्नच्या स्कोअरला पाच वादक बसवतात. पाचवा माणूस पहिल्या भागातली मोठ्या आवाजाची वाक्यं वाजवून पहिल्याचे ओठ वाचवतो. त्या आठ बारांत पहिला वादक नळीतलं पाणी काढतो, ओठ ओले करतो आणि बाकी काही करत नाही. सूर चिरतो तो बहुतेकदा पहिलाच, कारण हॉर्नवर वरच्या टप्प्यात शेजारशेजारचे स्वर इतके जवळ असतात की ओठाचा ताण केसभर चुकला की पलीकडचा स्वर उमटतो. स्कोअरवर 'कॉन आल्कुना लिचेन्झा' लिहिलंय, थोडी मोकळीक घेऊन. कंडक्टरने ती मोकळीक हॉर्नला द्यायची असते, स्वतःला नाही. खालचे चेलो-बास त्याच्या श्वासाबरोबर चालले तर हॉर्न गातो. ते काटेकोर मोजत बसले तर तो आठवीतल्या मुलासारखा पाठ म्हणतो.

तिसरा भाग वॉल्ट्झ आहे, आणि इथे पहिल्या अर्ध्याची तयारी कामी येते. मधल्या भागात द्रुत स्वर व्हायोलिनकडून व्हिओलाकडे, तिथून आणखी कुणाकडे उड्या मारत जातात, गज तारेवर उसळत. ज्या हातांनी तासाभरापूर्वी प्रोकोफिएव्ह वाजवला त्यांना हे घरचं वाटतं. आश्चर्य नाही. चायकोव्हस्की मोझार्टचा भक्त; मोझार्टच्या कृतींवरून केलेली 'मोझार्तिआना' १८८७ची, म्हणजे या सिंफनीच्या आदल्या वर्षीची. आणि कोरडा, चेष्टेखोर म्हणून ज्याची ख्याती त्या स्ट्राव्हिन्स्कीने १९२८मध्ये चायकोव्हस्कीच्या चाली घेऊन 'द फेअरीज किस' हे बॅले रचलं आणि त्यालाच अर्पण केलं. पत्रिकेवर मध्यंतराची रेघ मधोमध असली तरी या तिघांचं घराणं एकच.

शेवटच्या भागात एक सापळा आहे. वाद्यवृंद पूर्ण ताकदीने बी मेजरच्या कॉर्डवर येऊन थांबतो आणि शांतता. अर्धं सभागृह टाळ्या वाजवतं. मुंबईत वाजवतं, लंडनमध्येही वाजवतं. खरं तर हा कॉर्ड पंचमावरचा, षड्ज अजून यायचा आहे. तंबोऱ्याच्या कानाला ते कळायला हवं, पण आवाजाने माणूस भुलतो. कंडक्टरकडे इलाज एकच: हात वर, पाठ ताठ, हलायचं नाही. हात जरा ढळले की गेलं. यानंतर मुख्य चाल थाटामाटाने मेजरमध्ये येते, आणि ट्रंपेटवाल्यांनी आधीच्या दहा मिनिटांत सगळं ओतून टाकलं असेल तर इथे फक्त गालफुगी उरते. म्हणून तालमीत कंडक्टर पितळी वाद्यांना सारखा हात दाखवून खाली बसवत असतो, आणि ते चिडतात.

शेवटचे चार ठोके. टाळ्या. कंडक्टर मागे वळून सगळ्यांत आधी पहिल्या हॉर्नवाल्याला उभं करतो, हा अलिखित नियम. मग क्लॅरिनेट, ओबो, मग ट्रंपेट-ट्रोम्बोन एकत्र, मग टिंपनी, मग पुढच्या रांगेतले. बसूनवाल्याची पाळी येते तेव्हा लोकांनी गाडीच्या किल्ल्या काढलेल्या असतात.